जलातील सूक्ष्म प्लॅस्टिक आणि आपली औषधशाळा

क्वाथ, फांट, हिम, आसव, अरिष्ट या सर्व कल्पनांत वनस्पतिद्रव्याइतकेच महत्त्व जलाला आहे. तथापि द्रव्याची जात, संग्रहणाचा ऋतू, जुनेपणा यांविषयी आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी ज्या पाण्यात ते द्रव्य उकळते त्या पाण्याविषयी करीत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५व्या अध्यायाचा आरंभ जलवर्गाने केला. चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार सर्वसामान्य भावांच्या विकृतीने संपूर्ण जनपद कसे रोगग्रस्त होते हे सांगितले, आणि विकृत उदकाची लक्षणेही दिली. गंध, वर्ण, रस व स्पर्श यांत बिघाड होणे, जलचर पक्ष्यांनी ते पाणी सोडून जाणे, अशी ही लक्षणे आहेत. ही सर्व लक्षणे इंद्रियगम्य आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकने दूषित झालेल्या पाण्यात यांपैकी एकही लक्षण आढळत नाही. पाणी स्वच्छ दिसते, चव बदलत नाही, बगळा पाण्यावरून उठून जात नाही. म्हणूनच हा विषय चिकित्सक आणि औषधविक्रेते या दोघांसमोर सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मसुरीच्या दाण्यापेक्षा, लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणास सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. ही वरची मर्यादा झाली. खालच्या बाजूस हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके, म्हणजे एक मायक्रोनपर्यंत, लहान असतात, आणि त्याहूनही लहान कणांस नॅनोप्लॅस्टिक अशी संज्ञा आहे. शार्ङ्गधराचार्यांनी मानपरिभाषेत झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणात दिसणाऱ्या कणाचा उल्लेख केला आहे. येथे ज्या कणांचा विचार करावयाचा आहे त्यांतील बहुसंख्य त्या किरणातही सहज दिसणार नाहीत. ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली समुद्रातील अशा कणांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. आरंभी हा प्रश्न सागरापुरता समजला जाई. पुढे नद्यांचे पृष्ठजल तपासले जाऊ लागले आणि समुद्रातील प्लॅस्टिकचा मोठा भाग नद्यांच्या वाटेने येतो हे स्पष्ट झाले.

साळ नदीचे उदाहरण

मराठी-कोकणी मुलुखात या दृष्टीने तपासलेली एक नदी म्हणजे दक्षिण गोव्यातील साळ. वेर्णे परिसरात उगम पावून, मडगावच्या बाजूने वाहत ती बेतूल येथे समुद्रास मिळते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिच्या खाडीचे पाणी, तळाचा गाळ आणि तेथील खाद्य शिंपले व मासे यांची तपासणी करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात दर लिटरला सरासरी ४८ कण आणि गाळात दर किलोस सरासरी ३९५० कण आढळले. शिंपल्यांत व माशांतही ते होते. पाणी, गाळ व जीव या तिन्हींत तंतूंचे, म्हणजे धाग्यासारख्या कणांचे, प्रमाण सर्वाधिक होते. (मुक्ताशुक्ती, शंख यांची भस्मे करणाऱ्यांनी यावरून चिंतित होण्याचे कारण नाही. तेथे उपयोग कवचाचा होतो, मांसाचा नाही, आणि पुटाच्या अग्नीत प्लॅस्टिक टिकत नाही.)

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. काही ठिकाणी नदीच्या पृष्ठभागावरून जाळे ओढून नमुना घेतात. त्या जाळ्याची छिद्रे साधारण ३०० मायक्रोनची असल्याने त्याहून लहान कण व बारीक तंतू निसटून जातात. अन्यत्र पाणी लिटरने घेऊन बारीक गाळणकागदातून गाळतात, तेव्हा संख्या कितीतरी पटीने वाढते. २०२४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्यात दर लिटरला सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले, आणि त्यांतील सुमारे ९० टक्के नॅनो आकाराचे होते. यावरून बाटलीतील पाणी साळ नदीहून हजारो पटींनी वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. तेथे उपकरणाची दृष्टी अधिक सूक्ष्म होती, एवढाच त्याचा अर्थ. वृत्तपत्रांत असे दोन आकडे शेजारी छापून येतात आणि रुग्ण ते कात्रण घेऊन दवाखान्यात येतो, म्हणून हा खुलासा केला.

पृष्ठजलात कोणते प्लॅस्टिक सापडते हे त्याच्या गुरुत्वावर अवलंबून असते. पिशव्यांचे पॉलीएथिलीन व पोत्यांचे पॉलीप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. बाटल्यांचे पेट व नळांचे पीव्हीसी जड असल्याने तळाशी बसते. पॉलिएस्टरचा धागा वास्तविक जड, परंतु इतका बारीक की वाहत्या पाण्यात तो लोंबकळत राहतो. हे तंतू मुख्यतः कपडे धुण्यातून येतात. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठात २०१६ साली केलेल्या प्रयोगात ६ किलो कृत्रिम धाग्याच्या कपड्यांच्या एका धुलाईतून ७ लाखांपर्यंत तंतू सुटू शकतात, असा अंदाज निघाला.

आपल्या भागात हे कोठून येते?

गिरडसारख्या गावी कारखाना नाही, महानगर नाही, मग येथे हा प्रश्न कसा, असे कोणी विचारील. गिरडच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर जायफळाच्या वा नारळाच्या आकाराचे जे गोलसर खडे सापडतात, ते म्हणजे फकिराची अवहेलना करणाऱ्या व्यापाऱ्याचा दगड झालेला माल, अशी जुनी आख्यायिका आहे. भूशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइटचे खडे म्हणतात. आजच्या व्यापाऱ्याचा माल ज्यात बांधून येतो ते वेष्टन दगड होत नाही. ते उन्हात तडकते आणि बारीक होत जाते.

वैदर्भीय ग्रीष्माचा येथे मोठा वाटा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि हाताने चुरडला तरी त्याचा भुगा पडतो. बांधावर वर्षानुवर्षे पडलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या, खताची व सरकीची विणलेली पोती, आच्छादनाचा पातळ कागद, किराण्याच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या हे सर्व या उन्हात शिजत असते. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तो भुगा नाल्यात उतरतो. वाग्भटाचार्यांनी ऋतूतील प्रथम वर्षावाचे जल पिण्यास निषिद्ध मानले आहे. कोरड्या काळात साचलेले सर्व काही पहिल्या पावसात एकदम वाहून येते, हे आधुनिक जलविज्ञानही मान्य करते, आणि सूक्ष्म प्लॅस्टिकलाही हा नियम लागू पडतो.

दुसरा उगम वस्त्रांचा. ज्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात त्या गावाच्या नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जाई, त्याच भागात आज नित्य वापराचे लुगडे, शर्ट, ब्लँकेट, शालेय गणवेश बहुतांशी पॉलिएस्टरमिश्रित आहेत. धुण्याचे पाणी गावातील नालीतून ओढ्यास मिळते, मध्ये शुद्धीकरणाची कोणतीही पायरी नाही. वणा नदी हिंगणघाटवरून पुढे वर्धा नदीस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. आपल्या नालीतील धागा या वाटेने बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकतो, आणि वाटेत त्या नद्यांवर पाणीपुरवठा योजना असलेली कितीतरी गावे आहेत.

शरीरावरील परिणाम : जेवढे ज्ञात आहे तेवढेच

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिकविषयी अहवाल प्रसिद्ध केला. १५० मायक्रोनहून मोठे कण आतड्यातून शोषले जाण्याची शक्यता अल्प असून ते मलावाटे निघून जातात, लहान कणांविषयी अधिक संशोधन हवे, आणि तत्कालीन पुराव्यावरून आरोग्यास धोका सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर चित्र काहीसे बदलले. २०२१ साली इटलीत अपरेमध्ये, २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २०२४ च्या मार्चमध्ये इटालियन चिकित्सकांचा निबंध आला. मानेतील रोहिणीची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या २५७ रुग्णांचा पुढे सुमारे ३४ महिने मागोवा घेतला गेला, त्यांपैकी १५० जणांच्या रोहिणीतील मेदयुक्त थरात पॉलीएथिलीन सापडले. आणि ज्यांच्यात प्लॅस्टिक होते त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे साडेचार पटींनी अधिक दिसला.

हा निष्कर्ष गंभीर आहे, परंतु तो साहचर्य दाखवितो, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. प्लॅस्टिक अधिक असणाऱ्या व्यक्तींच्या आहारविहारात अन्य काही भेद असू शकतो, आणि प्रयोगशाळेतील हवा व साधने यांतून नमुना दूषित होण्याचा संभव या क्षेत्रात नेहमीच असतो. मेदयुक्त धातूंच्या तपासणीत मेदाचे विघटनज पदार्थ पॉलीएथिलीनसारखा संकेत देतात, असा आक्षेपही काही रसायनशास्त्रज्ञांनी घेतला आहे.

आता आपल्या क्षेत्रातील एका प्रवृत्तीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. शरीरात अल्प प्रमाणात साठून राहणारे, तत्काळ मारक नसलेले, कारण मिळताच प्रकुपित होणारे असे दूषीविषाचे वर्णन वाचले की त्यात सूक्ष्म प्लॅस्टिक तंतोतंत बसते असे वाटू लागते. तेथून 'प्लॅस्टिक-शोधन पंचकर्म' असा फलक लावण्यास फारसा वेळ लागत नाही. दूषीविष ही संकल्पना या विषयाचा विचार करण्यास उपयुक्त आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि वमन-विरेचनाने रक्तातील वा रोहिणीतील प्लॅस्टिकचे कण बाहेर पडतात असे दाखविणारा एकही प्रयोग आमच्या वाचनात आलेला नाही. दूषीविषारि अगदाचे पाठ ज्या विषांसाठी आहेत त्यांत न विरघळणारा, न पचणारा कण कोठे बसतो हे आधी ठरवावे लागेल. औषधी व जादुई उपाय अधिनियम, १९५४ च्या चौथ्या कलमाने औषधाविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस मनाई आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्याच औषधातून रुग्णाच्या पोटात प्लॅस्टिक जात असताना ते काढण्याचे मूल्य त्याच्याकडून घेणे आम्हांस शोभनीय वाटत नाही. औषधातून ते कसे जाते, हे आता पाहू.

क्वाथाचे गणित

शार्ङ्गधरोक्त विधीने एक भाग भरडीस सोळा भाग जल घालून अष्टमांश उरवितात. म्हणजे १६ लिटर पाण्याचा २ लिटर क्वाथ होतो. वाफ होऊन जाते ते केवळ जल, कण भांड्यातच राहतात. साळ नदीचा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला, तर १६ लिटरमध्ये ७६८ कण होतात, आणि गाळताना एकही अडला नाही असे मानले तर क्वाथात दर लिटरला ३८४. प्रत्यक्षात काही कण चोथ्यात अडकतात, काही भांड्यास चिकटतात. पण दिशा स्पष्ट आहे : आटविण्याची प्रत्येक कल्पना न विरघळणाऱ्या मलाची घनता वाढविते. घन, अवलेह, शर्करा यांत ती आणखी वाढते.

याच प्रक्रियेची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जड, म्हणजे चुनखडीयुक्त, पाणी पाच मिनिटे उकळले असता त्यातील चुना खाली बसताना प्लॅस्टिकच्या कणांना आपल्या आवरणात घेऊन बसतो असे दिसले. दर लिटरला ३०० मिलिग्रॅम कठिणता असलेल्या पाण्यातून सुमारे ९० टक्क्यांपर्यंत कण अशा रीतीने वेगळे झाले, हलक्या पाण्यातून सुमारे २५ टक्के. आपल्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जडच असते, आणि भांड्यास बसणाऱ्या पांढऱ्या थराबद्दल आपण कुरकुर करतो तोच येथे उपयोगी पडतो. म्हणून आमचे सांगणे असे की क्वाथासाठी पाणी प्रथम वेगळे उकळावे, निवू द्यावे, वरचे निथळ पाणी वस्त्रातून गाळून घ्यावे आणि मगच त्यात भरड घालावी. भरडीसह उकळल्यास चुन्याचा साका व द्रव्याचा चोथा एकत्र होतो आणि तो लाभ राहत नाही. श्रृतशीत जलाचा उपदेश करताना रुग्णासही तळचे पाणी टाकून देण्यास सांगावे.

वस्त्र कोणते?

सुश्रुताचार्यांनी कलुष जलाच्या प्रसादनासाठी सात साधने सांगितली आहेत : कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता आणि मणी. यांतील वस्त्राचा विचार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बांगलादेशात रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीची घडी करून तिच्यातून पाणी गाळण्यास शिकविले, आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. जुनी, अनेकदा धुतलेली साडी चार पदरी केली की २० मायक्रोनपर्यंतचे कण अडतात असे त्यांना आढळले, कारण धुवून धुवून सुताचा धागा फुगतो व छिद्रे लहान होतात. नवे कापड त्या मानाने कमी उपयोगी ठरते. साळ नदीतील बरेचसे तंतू अडविण्यास एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे. नॅनो कण त्यातून जातील, याबद्दल भ्रम नसावा.

आता आपल्या औषधशाळांकडे पाहावे. वस्त्रगाळ चूर्णासाठी आज अनेक ठिकाणी नायलॉनचे कापड ताणून बसविलेली चाळणी वापरतात. ती स्वस्त, धुण्यास सोपी आणि टिकाऊ असते, हे खरे. परंतु हरड, सुंठ, मुस्ता यांसारखी कठीण द्रव्ये तिच्यावर तासन्‌तास घासली जातात आणि चाळणी झिजते. झिजलेले कापड गेले कोठे, याचा विचार कोणी करीत नाही. ते चूर्णात गेले. काढा गाळण्याची प्लॅस्टिकची गाळणी, उकळत्या क्वाथात फिरविलेला प्लॅस्टिकचा डाव, कच्चा माल ज्या विणलेल्या पोत्यांतून येतो त्यांच्या सुटलेल्या दशा, हे सर्व त्याच वर्गातील. गुळवेल, अश्वगंधा, शतावरी पोत्यातून काढल्यावर दशा वेचून, एकदा धुवून वाळविल्याशिवाय खलात वा चक्कीत घालू नये. चूर्णासाठी स्टेनलेस स्टीलची जाळी आणि द्रवासाठी जुने सुती वस्त्र, हा बदल खर्चाचा नाही. सुती म्हणून विकले जाणारे कापड मिश्र असू शकते. एक धागा काढून जाळून पाहावा : सूत जळून मऊ राख होते, कृत्रिम धागा वितळून कठीण गोळी बनतो.

निर्मळीचे बीज अर्थात कतक उगाळून घालण्याचा विधी आपल्या वृद्ध वैद्यांना माहीत होता, आज तो ग्रंथात राहिला. त्याच जातीच्या उपायांवर आता प्रयोगशाळांत काम चालू आहे. अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी २०२५ साली भेंडी व मेथी यांच्या बुळबुळीत अर्काने पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिक एकत्र बांधून खाली बसविले, आणि मेथीचा परिणाम भूजलात ९० टक्क्यांच्या आसपास दिसला. कतकावर असे काम आपल्या महाविद्यालयांतील द्रव्यगुण विभागाने हाती घेतल्यास पदव्युत्तर प्रबंधास तो उत्तम विषय होईल.

लवणाविषयी एक गोष्ट. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली आठ नाममुद्रांच्या मिठात सूक्ष्म प्लॅस्टिक आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि समुद्राचे पाणी मिठागरात घेण्यापूर्वी साध्या वाळूतून गाळल्यास वजनाने ८५ टक्के प्लॅस्टिक दूर होईल असेही दाखविले. लवणभास्कर, हिंग्वष्टक करणाऱ्यांनी खाणीतील सैंधव खडा घेऊन तो स्वतः धुवून कुटावा. सैंधव म्हणून तयार पूड मिळते तिचा उगम विचारल्याशिवाय घेऊ नये.

औषधाचे भांडे

जलपानासाठी सुवर्ण, रजत, ताम्र, कांस्य, मणी व मृत्तिका यांची पात्रे ग्रंथात सांगितली आहेत. आपल्या दुकानातील फडताळात काय आहे? अरिष्टे पेटच्या बाटलीत, तैले पॉलीएथिलीनच्या डब्यात, चूर्णे पन्नीत, आणि संधानासाठी लाकडी पिंप वा मातीच्या मडक्याऐवजी निळे ड्रम. येथे दोन भिन्न गोष्टी ओळखल्या पाहिजेत. घर्षणाने व उष्णतेने भांड्याचे कण सुटतात, ही एक. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली थॅलेटसारखी रसायने तेलात व मद्यार्कात विरघळून उतरतात, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीस गाळण्याचा उपाय नाही. म्हणून तैल, घृत व अरिष्ट यांस काचेची बाटली, आणि प्लॅस्टिकच वापरणे भाग असेल तेथे औषध पूर्ण थंड झाल्याशिवाय न भरणे, एवढे तरी पाळावे. काच महाग आहे, फुटते, वाहतुकीस जड आहे, हे गिरडसारख्या ठिकाणी माल मागविणाऱ्या प्रत्येक दुकानदारास ठाऊक आहे. रुग्णाने रिकामी बाटली आणल्यास काही रुपये परत देण्याची पद्धत पूर्वी होती. ती पुन्हा सुरू करता येते. बस्तीसाठी कोष्ण तैल व निरूह द्रव्य प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर ठेवून देण्याची सवयही सोडावी. ते स्टीलच्या पात्रात सिद्ध करून देण्याच्या क्षणी भरावे.

आमच्या दवाखान्यात चूर्णे साध्या कागदाच्या पुडीत देतो. चकचकीत कागदावर बहुधा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो घेत नाही. पावसाळ्यात मात्र पुडी ओलावते, हरीतकी व यवक्षारयुक्त चूर्णांना ते चालत नाही, म्हणून त्या चार महिन्यांत काचेच्या लहान बाटल्या ठेवाव्या लागतात.

रुग्णाला काढा देताना कागदी पेल्याविषयीही सांगावे. खरगपूरच्या आयआयटीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा पेल्यातील १०० मिलिलिटर गरम द्रवात १५ मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरल्याचे दिसले, कारण कागदाच्या आतून प्लॅस्टिकचा अतिशय पातळ थर असतो. आपल्याकडे त्याहून वाईट रूढी म्हणजे हॉटेलातून उकळता चहा पन्नीत बांधून आणणे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी असूनही ती चालू आहे, आणि दवाखान्यात भरती रुग्णाचा नातेवाईक तोच चहा, त्याच पन्नीतून, आपल्या औषधाचे अनुपान म्हणून पाजतो. भरती विभागात स्टीलची किटली व चार पेले ठेवले की ही गोष्ट बरीच थांबते. गाळलेल्या वस्त्रांचे धुणेही नालीत सोडू नये. वस्त्र आधी उन्हात वाळवून झटकावे, निघालेला मळ कागदात बांधून कचऱ्यात टाकावा आणि नंतरच ते पाण्यात घालावे.